सोप्यातला चौथा खांब

काजूला मोहर आला, भात काढलेल्या शेतात मसूर वाळायला लागली, की आमच्या खानापूर भागातला वारा एकदम कोरडा होतो. ओठ फुटतात, धुणं दोरीवर टाकेपर्यंत वाळतं आणि घरातलं लाकूड बोलायला लागतं. दुपारी जेवून जरा कलंडावं, तर सोप्यातून ‘टक्’ असा आवाज येतो. सोपा म्हणजे आमची पुढची ओसरी. तिथले चार खांब मत्तीच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडाचे आहेत आणि नऊ वर्षं उभे राहूनही त्यांचं वाळणं अजून संपलेलं नाही. नवीन पाहुणा दचकतो. आम्ही म्हणतो, घाबरू नका हो, खांब आळस देतोय.

यंदा ह्या वाऱ्याबरोबर आणखी एक आवाज आला. गेल्या पावसात बांधावरची एक मत्ती मुळासकट आडवी झाली. तिच्या लाकडाचा गोठा करायचं ठरलं आणि परवापासून आमच्या घरामागच्या परड्यात ट्रॅक्टरला जोडलेली करवत सुरू झाली. मी आत भाकरी थापत होते. पहिली फळी सुटली आणि चुलीवरच्या धुरातूनही तो वास नाकात आला. ओल्या मत्तीचा तुरट, जरासा आंबलेला वास. मी शाळेत विज्ञान शिकवते. वास म्हणजे काय, तो नाकापर्यंत कसा येतो, हे सातवीच्या वर्गाला दर वर्षी फळ्यावर चित्र काढून सांगते. पण त्या चित्रात छातीत धस्स का होतं ते दाखवायची सोय नाही. माझ्या छातीत झालं. तव्यावरची भाकरी करपली. कारण ह्या वासाला माझी एक चोरी चिकटलेली आहे, आणि ती मी नऊ वर्षं कुणाला सांगितलेली नव्हती.

आधी मी कुठली ते सांगायला हवं, नाहीतर चोरीचं कारण कळायचं नाही. मी निपाणीची. वडील मी लहान असतानाच गेले. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापलेली पानं ओल्या फडक्यात, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला वाटावं ही काही करतच नाही, नुसती गप्पा मारत बसलीय. आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहायचो. मी लग्न होऊन निघेपर्यंत अकरा खोल्या झाल्या. प्रत्येक खोलीचा मालक वेगळा, पण नियम एकच. ‘भिंतीला खिळा मारायचा न्हाई.’ त्यामुळे आमचं कॅलेंडर, आरसा, वडिलांचा फोटो, माझं दप्तर, सगळं खिडकीच्या गजाला लटकलेलं असायचं. उजेड यायचा तो ह्या सगळ्यातून वाट काढून. आणि वर्ष-दीड वर्ष झालं की मालकीण दारात यायची. तिच्या चपलेच्या आवाजावरूनच आईला कळायचं. ‘बाई, पुढच्या महिन्यात खोली खाली करा.’ कधी पोराचं लग्न, कधी माडी बांधायची, कधी नुसतंच. आईनं कधी वाद घातला नाही. सूप खाली ठेवायची, पदराला हात पुसायची आणि म्हणायची, ‘बरं.’

त्या ‘बरं’चा मला फार राग यायचा. अजूनही येतो.

लग्न झालं आणि बेळगावात आले, तर तिथंही तेच. कॅम्पात एका जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, मग शाळेजवळ आणखी एक. बारा आणि तेरा. आमचे हे शांत स्वभावाचे. ‘शहरात असंच असतं’ म्हणायचे आणि पेपर उघडायचे. मी मात्र मनातल्या मनात घर बांधत होते. पांढऱ्या भिंती, वर स्लॅब, गुळगुळीत फरशी आणि भिंतीत खिळे. वाटेल तिथं, वाटेल तेवढे. उगीचच मारलेले सुद्धा.

शेवटी गावाकडच्या मळ्यात, नंदगडच्या अलीकडं, घर बांधायचं ठरलं. जमीन सासऱ्यांची. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, मीही आप्पाच म्हणते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे आप्पा आणि मी, आमचं बोलणं सरळ आणि तिखट. मी स्लॅबची गोष्ट काढली तेव्हा ते मळ्याशेजारच्या जुन्या घराच्या अंगणात दोर वळत बसले होते.

‘स्लॅब घाल की, कोण न्हाय म्हणतंय? पर जोत्याच्या जागंवर तीन झाडं हायत. दोन मत्ती आनि एक फणस. ती कुठं जाणार?’

‘विकायची. वखारवाले येतात, तोडून घेऊन जातात.’

‘आनि तू त्यांच्या जागंवर ऱ्हाणार?’

मी म्हटलं, आप्पा, झाडं ती झाडं. आप्पांनी दोराला पीळ दिला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, ‘घरातच ऱ्हाऊ देत की गं ती. जागा त्यांची हाय. आपण मागनं आलोय.’

तेरा वेळा सामान बांधलेल्या बाईनं ह्यावर काय बोलावं? स्लॅब गेला. कौलांचं घर ठरलं. भिंती चिऱ्याच्या आणि लाकूड म्हणून जे काही लागेल ते ह्याच तीन झाडांचं. खांब, आडं, वासे मत्तीचे, दारं-खिडक्या आणि माळ्याच्या फळ्या फणसाच्या. बाहेरून एक पट्टीसुद्धा आणायची नाही, असं आप्पांनी जाहीर केलं. फॉरेस्ट ऑफिसातून परवानगीचा कन्नड कागद आला. त्यात झाडांचे घेर लिहिले होते. आप्पांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि फणसाचा घेर कमी लिहिलाय म्हणून दिवसभर धुसफुसत राहिले.

झाडं तोडायची ती अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदणं वाढत असताना तोडलं की लाकडात रस असतो, भुंगा लागतो, असं इकडं म्हणतात. आदल्या दिवशी संध्याकाळी आप्पा झाडांसमोर उभे राहिले. नारळ, तांदूळ, विडा ठेवला. आणि वर फांद्यांकडं बघून, घरातल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, ‘उद्या सकाळी कुऱ्हाड लागणार हाय. जे कोण वर ऱ्हाताय त्यांनी आपली सोय बघा. राग मानू नगा.’ मी मागं उभी राहून ऐकत होते. आधी हसू आलं. मग आई आठवली. पक्ष्यांना, मुंग्यांना, खारींना इतक्या मानानं खोली खाली करायला सांगत होता हा माणूस, आणि माझ्या आईला अकरा वेळा कुणी ‘राग मानू नका’ एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं. मी तिथंच आप्पांच्या पाया पडले. ‘अगं, झाडाच्या पड, माझ्या काय पडतीस?’ म्हणाले.

मग माघ आला आणि लाकूड चिरायचं मशीन आलं. मशीनवाला हळ्याळकडचा, कन्नड बोलणारा, गप्प माणूस. पण प्रत्येक ओंडका वर चढवायच्या आधी तो एक प्रश्न हमखास विचारायचा, ‘बुड याव कडे री?’ बूड कुठल्या बाजूला? आणि आप्पा हातातली काठी ओंडक्याच्या एका टोकावर आपटायचे. मला वाटलं, मशीनचं काहीतरी असेल. मग बघते तर ओंडका चौकोनी होऊन खाली उतरला की आप्पा वाटीत काव कालवून त्या टोकाजवळ बोटानं लाल पट्टा ओढतायत.

‘हे कशाला?’

‘बूड कळाय नगं? खांब हुबा करताना बूड खाली, शेंडा वर. झाड जसं वाढलं तसंच हुबं ऱ्हायला पायजे.’

‘आणि उलटा लागला तर?’

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी विचारलं, पोराला डोक्यावर उभं करून वाढवलं तर? ‘उलटा लावत न्हाईत,’ म्हणाले. ‘ज्या घरात उलटा खांब लागतोय त्या घरात काय बी सरळ होत न्हाय.’

तिथंच आक्का उभ्या होत्या. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, शेजारच्याच गावात दिलेली, त्यामुळे आठवड्यातून तीनदा माहेरी. मनानं वाईट नाहीत, पण तोंडाला कडी नाही. त्या हसून म्हणाल्या, ‘तिला काय ठाव आप्पा? जलम भाड्याच्या खोलीत गेला. घर म्हंजे काय, हे तिला आता शिकवाय लागणार.’ सगळे हसले. मीही हसले. पण ते वाक्य मला आत कुठंतरी कुसळासारखं रुतून बसलं.

त्या दिवसांची आठवण काढली की मला आधी उजेड आठवतो. झाडं गेल्यामुळं जागा एकदम उघडी पडलेली, आणि त्या उन्हात फणसाचा भुसा हळदीसारखा पिवळाजर्द. केसांत, चहात, ह्यांच्या चष्म्यावर, सगळीकडं भुसा. फणसाची फळी नवी असताना पिवळी असते आणि मग वर्षावर्षानं तांबूस होत जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता आमचं दार काळपट तांबडं झालंय. सागवान आहे का, म्हणून लोक विचारतात. मी सांगते, नाही हो, ह्याच जागेवरचा फणस आहे, तुम्ही जिथं उभे आहात ना, तिथंच त्याचे गरे पडायचे. सांगताना मला उगीचच मोठेपणा वाटतो.

चिरलेले खांब आंब्याच्या सावलीत रचून ठेवले होते. दोन्ही टोकांना शेण लिंपलेलं, म्हणजे टोकं फाटत नाहीत. महिनाभर पडून त्यांच्यावर धूळ बसली, कावळ्यांनी आपली कामं उरकली, कुत्रं येऊन चिखलाचे पाय उमटवून गेलं. आणि आई निपाणीहून जागा बघायला येणार असा निरोप आला.

आता माझं काय चुकलं ते सांगते. आई येणार म्हणून मी वेडी झाले होते. चौदावं घर, आणि ते आपलं! मला ते तिला लख्ख दाखवायचं होतं. सकाळी लवकर गेले, विहिरीचं पाणी काढलं, नारळाचा काथ्या घेतला आणि सोप्याचे चारही खांब घासून घासून धुतले. लहान मुलाला न्हाऊ घालावं तसे. पाणी पडलं की मत्तीच्या काळसर उभ्या रेघा वर यायच्या. मी गाणं गुणगुणत होते. चौथ्या खांबावर शेवटची घागर ओतली आणि पायाशी बघितलं, तर पाणी लाल. कावेचे चारही पट्टे मातीत मुरत चालले होते.

खांब चौकोनी, दोन्ही टोकं सारखीच जाड, दोन्हीकडं शेण. तीन खांबांचं मला आठवत होतं. एकाचा पट्टा कावळ्याच्या शिटेच्या न निघालेल्या डागाजवळ होता, दुसऱ्याचा भेगेजवळ, तिसऱ्याचा तासताना कोपरा उडालेल्या बाजूला. पण चौथा? चौथ्याचं काही केल्या आठवेना. वाकून बघितलं, हुंगून बघितलं, एक टोक उचलायला गेले तर कमरेत लचक भरली. अर्ध्या तासात आईची बस येणार. आप्पांना जाऊन सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण तिकडं जुन्या घरात त्यांच्याजवळ आक्का चहा घेत बसलेल्या दिसल्या आणि माझे पाय वळले नाहीत. मी तुळशीजवळची काव आणली, बोट बुडवलं आणि तीन पट्टे आठवून ओढले. चौथा विहिरीकडच्या टोकाला ओढला. का? काही नाही, मी त्या बाजूला बसले होते म्हणून. विज्ञानाच्या बाईंचा हा प्रयोग.

आई आली. सगळीकडं हिंडली. चिऱ्याच्या अर्ध्या भिंतीवरून हात फिरवला, खांबांपाशी उभी राहिली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, ‘खिळा मारू देतील न्हवं गं?’

‘आई, हे आपलंच आहे!’ मी जवळजवळ ओरडलेच. ती लाजली. मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की हसता हसता रडायला लागलो. आणि त्या रडण्यात माझं थोडं वेगळं रडणं मी खपवून टाकलं.

चैत्रात खांब उभे केले. मारुती मिस्त्री आमच्या भागातला जुना सुतार, आप्पांच्या बरोबरीचा. तीन खांब तळखड्याच्या दगडांवर बसले. चौथा दोरांनी उचलताना मारुती मिस्त्रींचा हात मध्येच थांबला. त्यांनी डोळे बारीक केले. ‘आप्पा, बूड हेच न्हवं?’

आप्पांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता. त्यांनी खांबाकडं नाही, मिस्त्रींकडं बघितलं. ‘खूण हाय न्हवं? मग इचारतोस काय?’

मी चहाचं ताट घेऊन तिथंच उभी होते. बोलायचं होतं तर तेव्हाच. एक वाक्य पुरलं असतं, ‘आप्पा, खूण माझी आहे.’ शेजारी आक्का पदर खोचून उभ्या होत्या. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, ‘चहा गार होतोय.’ खांब उभा राहिला. चार दिवसांत वर आडं चढलं, वासे चढले, पाऊस यायच्या आत कौलं चढली. आता तो हलवायचा म्हणजे घर उतरवायचं.

वास्तुशांतीनंतर पहिलं काम मी काय केलं असेल? हातोडी घेतली, कॅलेंडर घेतलं आणि सोप्यात खिळा मारायला गेले. भिंत चिऱ्याची, खरबरीत. म्हटलं खांबाला मारू. पहिला खिळा वाकला. दुसरा वाकला. तिसरा उडून आमच्या ह्यांच्या ताटात पडला. मारुती मिस्त्री पोट धरून हसले. ‘बाई, मत्ती हाय ती! आधी भोक पाडाय लागतंय, मग खिळा. तुमच्या निपाणीची भिंत न्हाय ही.’ सगळ्यांबरोबर मी पुन्हा हसले, पण मनात आलं, बघ, हा खांबसुद्धा तुला खिळा मारू देत नाही. तो चौथाच खांब होता.

तेव्हापासून नऊ वर्षं मी ह्या घरात कशी राहिले, ते माझं मला माहीत. बाहेर शाळेत मी अंधश्रद्धेवर भाषणं देते. मांजर आडवं गेलं तर काय होतं? काही होत नाही, मांजर पलीकडं जातं. मुलं हसतात. आणि संध्याकाळी खानापूरच्या बसमधून उतरून घरी आले, की उंबऱ्यातून आधी नजर जाते ती चौथ्या खांबाकडं. ह्यांचा मोटरसायकलवरून पडून पाय मोडला, मी खांबाकडं बघितलं. गाय गाभडली, मी खांबाकडं बघितलं. मुलीचा मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला, त्या दिवशी तर मी त्याच्यापुढं हात जोडले, लाज वाटते सांगायला. आणि चांगलं काही झालं, तर त्याचं श्रेय बाकीच्या तीन खांबांना. असा माझा न्याय.

खरं दुःख वेगळंच होतं. भीती काय, येते नि जाते. पण ज्या घरासाठी जीव टाकला, त्या घरात मी चोरपावलांनी राहत होते. कधीतरी कुणीतरी दारात येईल, चपलांचा आवाज होईल आणि म्हणेल, बाई, आम्हाला कळलंय, खोली खाली करा. मग मी पण ‘बरं’ म्हणेन. आई दर वर्षी दिवाळीनंतर दहा दिवस येते. अजूनही आल्या आल्या पिशवी खिडकीच्या गजाला अडकवते. मी ओरडते, अगं, एवढ्या खुंट्या मारल्यात त्या कशाला? ती म्हणते, ‘सवय गं.’ मग मी गप्प बसते, कारण आमच्या दोघींची सवय एकच आहे.

आणि आप्पा. ह्या सगळ्यात भर म्हणजे आप्पा नेमके त्याच खांबाला टेकून बसायचे. सोप्यात चार खांब. पहिल्याजवळ वारा चांगला, दुसऱ्याजवळून रस्ता दिसतो. पण नाही. घर झालं त्या पहिल्या पावसाळ्यापासून आप्पांचं घोंगडं चौथ्याच्या बुडाशी. आता बूड म्हणावं की शेंडा, तो प्रश्न वेगळा. मी किती वेळा म्हटलं असेल, ‘आप्पा, तिकडं ऊन येतंय, इकडं सरकून बसा.’

‘हितंच बरं हाय.’

‘पाठीला गाठ लागत असेल ती.’

‘लागू दे की.’

गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांची नजर जवळजवळ गेली. ऑपरेशन केलं, फारसा उपयोग झाला नाही. पण हातांना सगळं दिसतं. हाताच्या तळव्यानं मसूर चाचपून सांगतात, अजून दोन ऊन लागतील. परवा मशीन सुरू झालं तसे काठी टेकत परड्यात जाऊन बसले. आवाज ऐकत, भुसा मुठीत घेऊन सोडत. मी आतून बघत होते.

काल रविवार होता. गोठ्याचे सहा खांब चिरून झाले होते. मशीनवाला, तोच हळ्याळकडचा, आता केस पिकलेले, खांब ओळीनं मांडून जेवायला गेला. दुपारची वेळ. हे आणि मुलगी खानापूरला गेलेले, घरात आम्ही दोघंच. आप्पा सोप्यात येऊन आपल्या जागेवर बसले आणि हाक मारली, ‘सुमन, कावंची वाटी आण.’

मी आणली. त्यांनी हातात घेतली, बोटानं कालवली आणि परत माझ्याकडं धरली.

‘ह्या खेपंला खुणा तू कर.’

‘मी? मला काय जमतंय आप्पा?’

‘का? मागल्या खेपंला केलतीस की.’

मी वाटी जमिनीवर ठेवली आणि त्यांच्यासमोर बसले. नऊ वर्षं घोकून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. आई येणार होती, मी धुतले, लाल पाणी, आक्का चहा पीत होत्या, तीन आठवले, चौथा नाही आठवला, मी मुद्दाम नाही केलं आप्पा. लहान पोरीसारखी मी हुंदके देत होते आणि पदरानं नाक पुसत होते. त्यांनी मला सगळं बोलू दिलं. मग माझा हात चाचपत धरला, खांबाच्या मागं नेला, बसल्यावर खांद्याला येते त्या गाठीवर ठेवला.

‘बोट फिरीव. ही फांदीची जागा हाय. फांदी कुठं चाललीया बघ.’

मी बोट फिरवलं. गाठीतल्या रेषा तिरप्या होत्या. एका बाजूनं निघून कलत कलत गेलेल्या.

‘खाली,’ मी म्हणाले.

‘झाडाची फांदी खाली जाती व्हय?’

नऊ वर्षं रोज हा खांब मी फडक्यानं पुसत आले. झाड किती वर्षांचं ते वर्तुळं मोजून कसं ओळखायचं, हे मी पोरांना शिकवते. आणि ही एवढी गोष्ट माझ्या डोळ्यांना कधी दिसली नाही.

‘तुम्हाला कधी कळलं?’

‘वास्तुशांतीच्या दिवशी. टेकलो आनि पाठीला लागली. खांब धुतलेलं तू, मग खूण दुसऱ्या कुणाची असणार?’

‘मग बोलला का नाही? नऊ वर्षं! मला शिव्या तरी घालायच्या होत्यात.’

‘बोलून काय? वर कौलं चढली व्हती. मारुती खांब काढाय लागला असता, आनि आक्का गावभर सांगत सुटली असती. तुझं तोंड मला बघवलं नसतं.’ घोंगड्याची दशी बोटानं चाचपत राहिले. ‘तेरा घरं सोडून आलीस पोरी. चौदावं बी सोडाय लावू काय तुला?’

बाहेर पुन्हा करवत सुरू झाली. जरा वेळानं मी डोळे पुसले आणि माझ्या मूळ स्वभावावर आले.

‘ते असू दे. पण उलटा आहे हे माहीत असून तुम्ही रोज ह्यालाच टेकून बसता? अपशकुन म्हणत होता ना?’

आप्पा हसले. दात उरलेत चार, ते सगळे दिसले. ‘मी कुठं टेकतोय? त्येला टेका देतोय. उलटं हुबं ऱ्हायाचं, वर एवढं ओझं घ्यायाचं, म्हंजे काय खायाचं काम हाय व्हय? म्हटलं, आपण बसावं जरा त्येच्या पाठीशी.’

मी परड्यात गेले. सहाही खांबांच्या गाठी बोटानं बघितल्या, एकेक, दोनदोनदा. फांद्या वर चाललेल्या ती बाजू सोडली आणि खालच्या टोकाजवळ लाल पट्टे ओढले. मशीनवाला बघत होता. हात धुऊन परत सोप्यात आले, तर आप्पांनी घोंगडं जरा एका बाजूला ओढून घेतलं होतं.

‘झालं? ये, टेक हितं. मी काय जलमभर पुरतोय व्हय त्येला?’

मी त्यांच्या शेजारी बसले. पाठ खांबाला लावली. ती गाठ बरोबर खांद्याच्या हाडात रुतली. मी सरकले नाही. उलट पाय घट्ट रोवले आणि पाठीनं जरा जोर लावला.